दोन हंडे कमी

शनिवारची सकाळची शाळा सुटायला अर्धा तास उरला होता, तेव्हा ज्योत्स्ना बोर्डेला ते वाक्य दिसलं. सोमवारी शाळा तपासायला साहेब येणार होते आणि मुख्याध्यापक भुतेकर सरांनी प्रत्येक वर्गशिक्षकाकडून पाच-पाच निबंधवह्या मागवल्या होत्या. अक्षर चांगलं, कव्हर घातलेलं, एकही पान तपासायचं राहिलेलं नको. सातवी ‘ब’च्या एकसष्ट वह्यांच्या गठ्ठ्यातून चार वह्या तिनं न उघडताच बाजूला काढल्या. कुणाच्या काढायच्या हे तिला कव्हरावरूनच ठाऊक होतं. पाचवी दैवशालाची. तिच्या एका पानाचा कोपरा दुमडला होता, तो अंगठ्यानं दाबून सरळ करावा म्हणून ज्योत्स्नानं वही उघडली आणि डोळे सहज पानावर टेकले. ‘माझा आवडता ऋतू’. अक्षर असं, की वहीला रेघा नसत्या तरी ओळ हलली नसती. ‘हिवाळ्यात धुके पडते. सकाळी कोवळे ऊन अंगावर घ्यायला मजा येते. मॅडम इथपर्यंत वाचत नाहीत. त्यामुळे मी इथे काहीही लिहू शकते, उदा. बटाटा. हिवाळ्यात बाजारात ताज्या भाज्या येतात.’ त्या बटाट्याच्या डोक्यावरूनच तिची स्वतःची लाल खूण गेली होती, लांब शेपटीची, एका झटक्यात मारलेली. पानाच्या तळाशी ‘छान’. त्याखाली सही आणि तारीख.

तिनं ते तीनदा वाचलं. समोर वर्ग नेहमीसारखा गुणगुणत होता, कुणी कंपासपेटी आपटत होतं, आणि तिसऱ्या बाकावर दैवशाला मान खाली घालून नवीन वहीला समास आखत बसली होती, पट्टी सरकू नये म्हणून तिच्यावर कोपर टेकवून. उंच, सावळी, कपाळावर बारीकशी जुनी खूण असलेली ही मुलगी वर्गात कधी हात वर करायची नाही, कधी उशिरा यायची नाही. तिच्याबद्दल आपल्याला एवढंच माहीत आहे, हे ज्योत्स्नाच्या त्याच वेळी ध्यानात आलं. पहिल्यांदा राग आला. मग तो राग ज्या वेगानं आला त्याच वेगानं ओसरला आणि त्याच्या जागी भीती बसली: हे साहेबांनी वाचलं असतं तर? ती वही तिनं आपल्या पर्समध्ये टाकली आणि गठ्ठ्यातून प्रीतीची वही काढून पाचवी म्हणून ठेवली. प्रीती वर्गात पहिली यायची. घंटा झाली, पोरं धावली, दैवशाला दप्तर आवरून सगळ्यांच्या मागून गेली. दारातून जाताना तिनं टेबलाकडे बघितलं की नाही, हे ज्योत्स्नाला नंतर कितीही आठवूनही सांगता आलं नसतं.

स्कूटी घेऊन ती कुंडलिकेच्या पुलावरून जुन्या जालन्याकडे निघाली तेव्हा तिला आपण काय करून बसलो ते हळूहळू उलगडत गेलं. मुलीनं आगाऊपणा केला हे तर होतंच. पण आपल्याला आधी सुचलं काय, तर कुणी बघेल. चोरी सापडल्यावर माणूस आधी आजूबाजूला बघतो, तसं. आणि चोरी कसली, तर वेळेची. रिकाम्या तासाला एकसष्ट वह्या चाळीस मिनिटांत उरकण्याची तिची एक पद्धतच बसून गेली होती. डाव्या हातानं पान उलटायचं, उजव्या हातानं खूण, तळाशी शेरा, सही, पुढची. पेन एकदा हातात घेतलं की मन मोकळं असायचं. त्या मोकळ्या मनात ती मोबाईलवर भरायच्या राहिलेल्या ऑनलाइन माहितीचा विचार करायची, आधार जुळत नसलेल्या पोरांचा, संध्याकाळच्या भाजीचा. सगळेच असं करत. शिक्षकांच्या खोलीत एकमेकींशी बोलत बोलत वह्या तपासणं हे विणकामासारखं झालं होतं. कधीपासून? पुलावर समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला जागा देताना तिनं ती तारीख शोधायचा प्रयत्न केला. पिंपळगाव रेणुकाईला पहिली नोकरी होती, तेव्हा ती प्रत्येक वहीत समासात लिहायची, एवढं लिहायची की मुलांच्या मजकुरापेक्षा लाल शाई जास्त दिसायची. एका मुलानं ‘आमचा बैल खूप मोठा आहे’ लिहिलं तर ती विचारायची, किती मोठा? तुझ्या खांद्याएवढा की बाबांच्या? आणि पोरगं दुसऱ्या दिवशी दोरी घेऊन बैल मोजून यायचं. ते दिवस होते हे खरं. त्यांच्यानंतरचा असा एक दिवस मात्र सापडत नव्हता की ज्या दिवशी तिनं ठरवून वाचायचं सोडलं. ते उन्हात ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यासारखं आटत गेलं असावं.

घरी आई, बेबीनंदाबाई, ओसरीवरच्या उन्हात सुपात तूर निवडत बसली होती. नवरा राजानंद मंठ्याच्या तहसील कार्यालयात, रोजचं अपडाऊन. तो संध्याकाळशिवाय यायचा नाही. बेबीनंदाबाईंनी सुपातून नजर न काढताच विचारलं, “तोंड असं काहून केलंस गं, जोस्ना?” काही न्हाई म्हणून ती आत गेली, हातपाय धुतले, जेवली नाही, आणि वही घेऊन खिडकीशी बसली.

ती उलटी वाचत गेली, शेवटच्या पानापासून पहिल्याकडे. बटाट्याच्या आधी ‘मी पंतप्रधान झालो तर’. झालो, झाले नव्हे, कारण गाईडात तसंच होतं आणि तिनं ते जसंच्या तसं उतरवलं होतं. त्याला ‘छान’. त्याच्या आधी ‘माझी शाळा’, दुसऱ्या गाईडातून. शाळेसमोर डोंगर आणि झुळझुळ वाहणारा ओढा. जालन्याच्या या शाळेसमोर टायरचं दुकान आणि झेरॉक्स होतं. त्यालाही ‘छान’. आणि त्याच्याही आधी, जुलै महिन्यातला, ‘पाण्याचे महत्त्व’. ज्योत्स्ना इथं थांबली, कारण हे पान गाईडातलं नव्हतं.

पाणी हेच जीवन आहे, असं त्यात कुठंही नव्हतं. ‘आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो. नळ आला की आम्ही छप्पन्न हंडे भरतो. हंडा पंधरा लिटरचा आहे, मी लिटरच्या बाटलीने भरून बघितला. आम्ही घरात पाच जण आहोत.’ मग कामांची यादी, पण यादीसारखी रुक्ष नव्हे: स्वयंपाक आणि पिण्याला रोज दीड हंडा, आंघोळींना दोन, त्यात वडील आधी कारण त्यांना घनसावंगीची पहिली जीप सवाऱ्यांनी भरायची असते, आई सगळ्यात शेवटी आणि तिच्या वाट्याला अर्धी बादली, भांड्यांना एक, संडासला दीड. धुणं आठ दिवसांतून दोनदा, दर वेळी तीन हंडे, आणि धुण्याचं शेवटचं पाणी अंगणात. ‘सहाव्या दिवशी पिंपात बारीक किडे दिसतात. आजी जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पाणी गाळते. तो तुकडा चार पदरी घातला तर किडे येत नाहीत, दोन पदरी घातला तर येतात. मी दोन्ही करून बघितले. अशा प्रकारे आठ दिवसांत छप्पन्न हंडे संपतात.’ आणि त्याखाली ‘छान’. तोच छान, त्याच वळणाचा, ना वर ना खाली. तिनं मागची पुढची पानं पुन्हा उलटून बघितली. चार महिन्यांत चार निबंध: एक ह्या मुलीनं डोळ्यांनी बघून, मोजून, लुगडं दोनपदरी-चारपदरी करून लिहिला, दोन उतरवून काढले, चौथ्यात बटाटा टाकला. चारीला एकच शेरा. पोरगी आगाऊ नव्हती. तिनं जशी लुगड्याची परीक्षा घेतली तशी शेऱ्याची घेतली होती, आणि तिला हवं ते उत्तर मिळालं होतं.

काही तरी हाताला काम हवं म्हणून तिनं कागदावर बेरीज मांडली. बारा, सोळा, आठ, बारा, सहा. चोपन्न. तिनं पुन्हा केली. चोपन्नच. छप्पन्न भरतात आणि चोपन्न लागतात. हिशोबात दोन हंडे कमी पडत होते. ‘अशा प्रकारे’ म्हणून मुलीनं ते झाकलं होतं. ही चूक जुलैमध्येच दिसायला हवी होती. तिला एकाएकी त्या दोन हंड्यांचं एवढं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही आलं.

आई केव्हा आत आली कळलं नाही. सूप खाली ठेवून तिनं वहीकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल आणि निळी शाई कळत होती. “पोराचं चुकलं का?” तिनं विचारलं. ज्योत्स्ना म्हणाली, “न्हाई, माझं.” बेबीनंदाबाई ताट वाढायला गेल्या. त्यांच्या अंगठ्यांची नखं जाड आणि पिवळसर होती, मधोमध चीर गेलेली. ती कधी पूर्ववत झालीच नाहीत.

त्या नखांनी त्यांनी अकरा हंगाम कपाशीच्या कळ्या सोलल्या होत्या. बियाण्यांच्या प्लॉटवर क्रॉसिंगचं काम. उद्या उमलणार अशी कळी आज दुपारनंतर ओळखायची, नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले पिवळे तुरे अलगद काढायचे, मधल्या दांड्याला ओरखडासुद्धा लागू द्यायचा नाही, आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी दव उतरलं की टोपी काढून दुसऱ्या ओळीतलं नर-फूल त्या दांड्यावर फिरवायचं आणि देठाला धागा बांधायचा. धागा म्हणजे हे फूल झालं. बारा वर्षांची ज्योत्स्ना शाळेच्या आधी आणि सुट्टीत आईच्या बरोबर जायची. एका सकाळी तिला घरी लवकर पळायचं होतं. कशासाठी ते आता आठवत नव्हतं, पण घाई तेवढी पायांत अजून आठवत होती. तिनं एका अख्ख्या ओळीला फूल न फिरवताच धागे बांधत नेले. लांबून ओळ सुंदर दिसत होती, सगळीकडे धागे. मालक बांधावरून बघून पुढे गेलाही. आई मात्र आली, पहिल्याच झाडाशी वाकली, धाग्याकडे बघितलंच नाही, फुलाच्या दांड्याच्या टोकाकडे बघितलं. तिथं पिवळी पूड नव्हती. दुसरं. तिसरं. एका हातात नर-फुलांची टोपली घेऊन ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक फुलाशी वाकत गेली, आणि ज्योत्स्नाला तिच्या मागून चालावं लागलं, ऊन चढेस्तोवर, शाळा बुडेस्तोवर. शेवटी कंबर धरून सरळ होत आई म्हणाली होती, “धागा बांधला म्हंजे फळ धरलं, असं न्हाई राह्यत.” एवढंच.

ही आठवण ज्योत्स्ना आजवर अभिमानानं सांगत आली होती. डी.एड.च्या मुलाखतीतही सांगितली होती. आज मात्र ती सांगताना वगळलेला भाग डोळ्यांपुढून हलेना. आईची काळजी भीतीतून आलेली होती. एक जरी फूल स्वतःच्याच परागानं धरलं तर सगळा लॉट फेटाळला जायचा आणि मुकादम दुसऱ्या हंगामाला बोलवायचा नाही. आईच्या नखांना पडलेली चीर त्याच काळजीची होती. मग मी वर्गात पोरांकडे मागते ती कुठली काळजी? ‘नीटनेटके लिहा’, ‘काळजीपूर्वक लिहा’ असं फळ्यावर लिहिताना मी त्यांना नेमकं काय म्हणत असते? मुकादम फिरतोय, असंच ना? आणि आता तर मुकादमही झोपलेला. पिंपळगावच्या त्या पोरानं मात्र बैल मोजला होता तो माझ्या भीतीनं नव्हे. कुणाला तरी तो बैल खरंच किती मोठा आहे हे जाणून घ्यायचं होतं, म्हणून मोजला होता. एवढाच फरक होता, आणि तो सगळाच फरक होता.

रविवारभर ती वही टेबलावर राहिली. सोमवारी साहेब आले, पाच वह्या समोर ठेवल्या गेल्या. त्यांनी दोन उघडल्या, पानं भराभर फिरवली, लाल खुणा पाहिल्या आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “छान काम आहे, मॅडम.” भुतेकर सर खुश झाले. ज्योत्स्नानं मान हलवली. दैवशालाची वही पुढे ठेवायचं धैर्य तिला झालं नव्हतं, आणि ते आपल्याला झालं नाही हे ती स्वतःपासून लपवणार नव्हती.

मधल्या सुट्टीत तिनं दैवशालाला वर्गात थांबवून घेतलं. बाकी पोरं डबे घेऊन बाहेर गेली. मुलगी टेबलापासून दोन हात लांब उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. टेबलावर तिची वही होती, बटाट्याच्या पानावर उघडी. ज्योत्स्नानं काय बोलायचं ते स्कूटीवर ठरवून आणलं होतं, पण समोर ती मुलगी उभी राहिल्यावर त्यातलं काहीच उपयोगाचं वाटेना. “हे मी शनिवारी वाचलं,” ती म्हणाली. “आधी वाचलं न्हवतं.”

“माहितीये मॅडम.” आवाजात उद्धटपणा नव्हता. हवामान सांगावं तसं. मग जरा वेळानं, “माझ्या वडलांना बोलावताल का?”

ज्योत्स्ना नाही म्हणाली. तिनं पानं मागे उलटली आणि पाण्याचा निबंध समोर धरला. हा फार चांगला आहे, लुगड्याचं तर मला माहीतच नव्हतं, असं म्हणून ती पुढं म्हणाली की बेरीज मात्र चुकली आहे; छप्पन्न भरता आणि चोपन्न लागतात, दोन हंडे कुठे गेले ते लिहिलेलं नाही. दैवशालाचा चेहरा त्या क्षणी पहिल्यांदा बदलला. तिला लाज नव्हे, राग आला होता. तिनं तळाच्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. “छान लिहिलंय की तुम्ही इथं.”

“ते खोटं लिहिलं मी,” ज्योत्स्ना म्हणाली.

बाहेर कुणीतरी नळाची तोटी सोडून पळालं होतं आणि त्याच्यामागे कुणीतरी ओरडत होतं. मुलीनं वही उचलली, छातीशी धरली आणि गेली. ज्योत्स्नाला वाटलं होतं की कबुलीनं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट पुढचे आठ-दहा दिवस दैवशाला तिच्याकडे बघेनाशी झाली. विचारलं तर उत्तर द्यायची, पण खिडकीकडे बघून. आपण एका मुलीची खात्री मोडली, असं ज्योत्स्नाला वाटत राहिलं. मोठी माणसं वाचत नाहीत ही खात्रीसुद्धा एका परीनं आधाराचीच असते. तिच्या आडोशाला निवांत राहता येतं.

पण तिनं वाचायला सुरुवात केली होती आणि आता ते थांबवणं शक्य नव्हतं. दिवसाला बारा वह्या. ‘छान’ हा शब्द तिनं स्वतःपुरता बंद केला. त्याऐवजी ती एक प्रश्न लिहायची. ‘तुझ्या मामाचं गाव नदीकाठी आहे म्हणतोस, कोणती नदी?’ ‘आई तुला कशी वाढवते असं लिहिलंस, पण तिनं काल काय केलं?’ पोरं आधी गोंधळली. लाल शाईत वाक्यच्या वाक्यं बघून हरिओम नावाच्या मुलाला वाटलं आपण नापास झालो. त्याचं अक्षर असं की तिला लागेना, तिनं त्याला बोलावून वाचायला लावलं, तर चार ओळींनंतर तोही अडला आणि म्हणाला, “मॅडम, मलाच लागून न्हाई राह्यलं.” दोघंही हसले, आणि मग एकेक अक्षर लावत बसले. ती वीस मिनिटं गेली. इतिहासाचा एक धडा मागे पडला. माहिती भरायची तारीख उलटून गेली आणि केंद्रावरून फोन आला.

सगळ्यात अवघड प्रीतीचं झालं. पहिल्या नंबराच्या ह्या मुलीच्या वहीत ‘हे वाक्य कुणाचं आहे? तुझं असेल तर मला समजावून सांग’ असं ज्योत्स्नानं लिहिलं आणि ती मुलगी घरी जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. भुतेकर सरांच्या खोलीत पंख्याखाली बसून ती म्हणाली की पोरीला वर्षभर छान मिळत होतं, मंग आता असं एकदम काय झालं. “आधी तुम्हीच छान लिहून राह्यल्या होत्या ना, मॅडम?” याला ज्योत्स्नाकडे उत्तर होतं. तिनं सांगितलं की आधी मी न वाचता लिहीत होते. भुतेकर सरांनी खुर्ची सरकवली, कागद इकडचे तिकडे केले. बाई गेल्यावर ते खिडकीपाशी गेले. माणूस वाईट नव्हता. बावीस वर्षं खडू खाल्लेला होता. “तुमचं बराबर आहे,” ते म्हणाले. “पण असं पालकांपुढं बोलायचं असतं का? आणि एकसष्ट पोरं हायेत. वर्षाचा हिशोब लावा की जरा.” ज्योत्स्ना म्हणाली की लावलाय, सत्राला चार निबंधांऐवजी दोनच होतील. सर म्हणाले की वरून चार मागतात. ती म्हणाली की दोनच देईन, पण तेच पोरांकडून दोनदा लिहून घेईन. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. टेबलावरची घंटा वाजवून शिपायाला चहा सांगितला, आणि तो दोघांसाठी सांगितला.

त्या दिवशी घरी येऊन तिनं आईला विचारलं, की त्या कपाशीच्या ओळीला तू मला मारलं का न्हाईस? बेबीनंदाबाईंना ओळ आठवेना. अशा शंभर ओळी झाल्या असतील. मग तिनं पिवळ्या पुडीची खूण सांगितल्यावर त्यांना थोडं आठवलं. त्या म्हणाल्या, मारून काय झालं असतं, तू दुसऱ्या दिवशी माझ्याकडं बघून काम केलं असतंस, फुलाकडं बघून न्हाई. हे त्यांनी चपातीचा गोळा मळता मळता सांगितलं आणि लगेच गॅस बारीक करायला सांगितला. ज्योत्स्ना हातात पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आईबद्दल आपण त्या शनिवारी खिडकीशी बसून जो निकाल लावला होता तो अर्धवट होता. मुकादमाची भीती होती, नखांची चीरही होती. पण त्यांच्याखाली आणखी एक होतं, फूल खरंच धरलं का हे जाणून घेणं, आणि आई ते कुणालाही न सांगता अकरा हंगाम फुलांकडे बघत राहिली होती. भीती कुठं संपते आणि ते कुठं सुरू होतं, हे बाहेरून सांगता येत नाही. बहुतेक आतूनही नाही.

दैवशाला आली ती त्यानंतरच्या मंगळवारी, मधल्या सुट्टीत, न बोलावता. हातात वही. मधे नळ एकदा येऊन गेला होता, आणि नऊ दिवस ती पुन्हा मोजत होती, हे तिनं धाप लागल्यासारखं सांगितलं. पहिल्यांदा तिला वाटलं की आईच जास्त पाणी घेते आणि सांगत नाही. म्हणून तिनं आईची बादली मोजली. ती अर्धीच होती. मग संडासचा डबा मोजला. मग एका संध्याकाळी तिनं मागच्या पिंपावर कोळशानं पाण्याच्या उंचीची रेघ मारली, आणि सकाळी कुणी उठायच्या आत बघितलं. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं. रात्रभरात कुणी हात लावला नव्हता. पिंपाच्या मागं, भिंतीकडच्या बाजूला, तळाशी सुईएवढी भेग होती, आणि तिथली माती ओली होती, आणि त्या ओल्या मातीत हातभर अळू माजलं होतं. पिंप आणि भिंत यांच्या मधल्या त्या सापटीत कधी कुणी वाकून बघितलंच नव्हतं. आजी सोडून.

“आजीला माहिती होतं,” दैवशाला म्हणाली. तिचे डोळे आता खिडकीकडे नव्हते. “ती म्हणली, सांगितलं असतं तर तुझ्या बापानं पिंप बदललं असतं. मंग आळवाची भाजी कुठून खाल्ली असती तुम्ही?”

ज्योत्स्नाला हसू फुटलं. दैवशालाही हसली, पण लगेच सावरली, कारण तिला अजून काम होतं. पिंप बदलायचं की नाही यावर घरात तीन दिवस बोलणं चाललं होतं. वडील बदला म्हणत होते, आई म्हणत होती की भेगेला लाख लावून बघू, आणि आजी काहीच म्हणत नव्हती. तिनं ते सगळं लिहून आणलं होतं. पान ज्योत्स्नाच्या समोर ठेवून ती उभी राहिली. ज्योत्स्नानं शेजारची खुर्ची पुढं ओढली, तेव्हा ती अवघडून टेकली.

ज्योत्स्ना वाचायला लागली. तिनं मुद्दाम सावकाश वाचलं नाही. मजकूरच असा होता की डोळे पुढं पळेनात. छप्पन्न हंडे, चोपन्न हंडे, कोळशाची रेघ. पुसून पुसून कागद पातळ झालेल्या जागा. ‘दोन हंडे कुठे गेले हे मला आधी माहीत नव्हते, तरी मी अशा प्रकारे असे लिहिले होते.’ हे वाक्य तिनं पुन्हा वाचलं. मैदानावर कबड्डीचा गलका चालू होता, व्हरांड्यातून कुणी तरी डब्याचं झाकण घरंगळत नेत होतं, आणि शेजारी ती मुलगी श्वाससुद्धा जपून घेत होती. आपल्या समोर कुणी आपलं लिहिलेलं वाचतंय हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असावं. शेवटच्या चार ओळींत मात्र पुन्हा पाणी जपून वापरावे, पाण्याचा एकेक थेंब मोलाचा आहे, असं काही आलं होतं. घाईघाईनं, कुठल्या तरी जुन्या सवयीनं. ज्योत्स्नाच्या पेनाचं टोपण निघालं. काय लिहावं? ‘छान’ लिहावंसं तिला आज पहिल्यांदा मनापासून वाटत होतं, आणि आजच ते लिहिणं जमत नव्हतं. शेवटच्या ओळींबद्दल प्रश्न लिहावा, तर मुलीच्या चेहऱ्याकडे बघून धीर होईना. तिनं नऊ दिवस घातले होते. पेन कागदापासून बोटभर वर तसंच थांबलं. मग तिनं पान दैवशालाकडे वळवलं.

“तुला काय वाटतं? झाला का हा?”

दैवशालानं आधी तिच्याकडे बघितलं, यात काही डाव आहे का ते ताडून बघितल्यासारखं. मग ती पुढं वाकली. पहिल्या ओळीपासून वाचत आली, बोट ओळीखालून सरकवत, मधे एकदा ओठ मुडपून, एकदा स्वतःशीच किंचित हसून. तळाशी आल्यावर बोट थांबलं. तिच्या कपाळावर आठी पडली.

“न्हाई मॅडम,” ती म्हणाली. “शेवटचं घाईत झालंय. उद्या देते.”

आणि ज्योत्स्नाच्या हाताखालून तिनं वही काढून घेतली. घंटा व्हायला अजून वेळ होता. पेन उघडंच राहिलं, आणि ती व्हरांड्यातून चालली होती, कबड्डीच्या गलक्याकडे न बघता, वही उघडी धरून, चालता चालता आपलंच पान पुन्हा वाचत.